डोंगरउताराचा प्राजक्त

फाल्गुन-चैत्रात रोपवाटिकांमध्ये एक तक्रार ठरलेली असते. ‘दारातला प्राजक्त वाळला. दिवाळीपर्यंत फुलांनी अंगण भरत होतं, आता नुसत्या काटक्या उरल्यात. काय झालं असेल?’ पुण्याजवळच्या एका रोपवाटिकेतल्या माळीकाकांचं याला ठरलेलं उत्तर आहे. ‘फांदीची साल नखानं जराशी खरवडून बघा. आत हिरवी दिसली तर झाड जिवंत आहे. पाणी कमी करा आणि पाऊस येईपर्यंत थांबा.’ या उत्तरानं फार थोड्यांचं समाधान होतं, असं ते सांगतात. ‘लोकांना काहीतरी करायचं असतं. रोज बादलीभर पाणी ओततात, वर खत घालतात. मुळं कुजतात. मग जूनमध्ये नवं रोप न्यायला परत येतात.’

प्राजक्ताची पानं उन्हाळ्यात गळतात आणि पावसाबरोबर परत येतात, ही गोष्ट त्याच्यावर जीव टाकणाऱ्या घरांतही अनेकांना ठाऊक नसते. ज्याचं नाव आपण मुलींना ठेवतो, ज्याच्यावाचून शरद ऋतूचं वर्णन पुरं होत नाही, त्या झाडाशी आपला परिचय बहुतेक फुलापुरताच आहे. कृष्णानं स्वर्गातून आणलेलं झाड म्हणून त्याच्याकडे पाहायची सवय असल्यामुळे ते नाजूक असणार, त्याला जपून, लाडानं वाढवायला हवं, असं मनात पक्कं बसलेलं आहे. प्रत्यक्षात हे उन्हानं तापलेल्या, दगडगोट्यांच्या उतारावर वाढणारं काटक झुडूप आहे. हा त्याचा मूळ स्वभाव लक्षात घेतला की शरदात त्याच्यासाठी काय करायचं आणि काय करायचं नाही, हे सांगावं लागत नाही.

हिमालयाच्या पायथ्यापासून मध्य भारतातल्या कोरड्या पानगळीच्या जंगलांपर्यंत प्राजक्त आपला आपण उगवतो. सातपुड्याच्या रांगांमध्ये तो रानटी वाढलेला दिसतो. तिथे त्याला आळं नसतं, खत नसतं, उन्हाळ्यात पाण्याचा थेंब नसतो. मातीचा थर वाहून गेलेल्या चढावर त्याची बेटंच्या बेटं तयार होतात. याची दोन कारणं आहेत. पहिलं म्हणजे त्याचं खरखरीत पान गुरं आणि शेळ्या सहसा खात नाहीत. आजूबाजूचा कोवळा पाला फस्त झाला तरी प्राजक्त टिकून राहतो. दुसरं म्हणजे तोडला तरी तो बुंध्यापासून जोमानं फुटतो. जंगलाच्या कडेला राहणारे लोक त्याच्या सरळ, लवचीक फोकांच्या टोपल्या विणतात, कुडाला आणि छपराला आधार म्हणून त्याच्या काठ्या वापरतात, उरलेलं चुलीत घालतात. आपल्याकडे देवपूजेच्या तबकात मानाची जागा असलेलं हे झाड तिथे रोजच्या कामाचं आहे. मला प्राजक्ताचं हे रूप अंगणातल्या रूपाइतकंच मोलाचं वाटतं, कारण त्याच्या निगेचं सगळं शहाणपण या उतारावर आहे: भरपूर ऊन, पाण्याचा चांगला निचरा, बेताची माती आणि उन्हाळ्यात पूर्ण विश्रांती.

आता ओळख. फूल असताना प्राजक्त कुणीही ओळखेल. खरा प्रश्न फूल नसताना येतो. रोप विकत घेताना, कुंपणात आपोआप उगवलेलं रोप ठेवायचं की उपटायचं हे ठरवताना, किंवा जुन्या घराच्या परसात वाढलेलं झुडूप कोणतं हे शोधताना फुलं हाताशी नसतात. अशा वेळी सगळ्यात आधी कोवळी फांदी बोटांत धरून फिरवावी. ती गोल नसते, चौकोनी असते. चारही कडा बोटाला स्पष्ट जाणवतात. मग पानं पाहावीत. ती समोरासमोर जोडीनं येतात, बुडाशी रुंद आणि टोकाला निमुळती असतात, आणि हात फिरवला तर पॉलिशपेपरसारखी लागतात. ही उपमा नुसती वर्णनापुरती नाही. लाकूड आणि हस्तिदंत घासून गुळगुळीत करायला पूर्वी ही पानं खरोखर वापरली जात. पानावरच्या बारीक, ताठ केसांमुळे हा खरखरीतपणा येतो.

इथेच गफलत होते. आपल्या माळरानांवर माजलेली घाणेरी, जिला टणटणीही म्हणतात, तिचीही फांदी चौकोनी असते, पानं जोडीनं येतात आणि खरखरीत असतात. प्राजक्ताचं म्हणून जपलेलं रोप दोन पावसाळ्यांनंतर घाणेरी निघाल्याचे किस्से बागकाम करणाऱ्यांकडे असतातच. याच्या उलटही घडतं, आणि ते जास्त वाईट: घाणेरी समजून प्राजक्ताचं रोप उपटलं जातं. फरक सोपा आहे. घाणेरीचं पान चुरगळलं की उग्र दर्प येतो, पानाची कड सगळीकडून सारखी, बारीक दातेरी असते आणि जुन्या खोडावर बऱ्याचदा छोटे काटे असतात. प्राजक्ताच्या पानाला असा दर्प नाही, त्याची कड सरळ असते किंवा तिला मोजकेच मोठे दाते असतात, विशेषतः कोवळ्या रोपात, आणि काटे कधीच नसतात. दोघांमधलं हे साम्य वनस्पतिशास्त्रज्ञांनाही पेचात टाकणारं होतं. विसाव्या शतकात काही अभ्यासकांनी प्राजक्ताला घाणेरीच्याच कुळात बसवलं, तर काहींनी त्याच्यासाठी वेगळं कुळ काढलं. जनुकांच्या अभ्यासानंतर आता तो मोगरा, जाई, जुई आणि ऑलिव्ह यांच्या कुळात स्थिरावला आहे. लिनियसनं १७५३ साली प्राजक्ताला शास्त्रीय नाव दिलं तेव्हा मोगऱ्यालाही त्याच प्रजातीत ठेवलं होतं. मोगरा नंतर तिथून हलवला गेला. प्राजक्त मात्र निक्टँथिस आर्बर-ट्रिस्टिस या नावानं तिथेच राहिला.

शरद संपताना ओळखीची आणखी एक पक्की खूण हाती येते, ती म्हणजे फळ. फुलं ओसरू लागली की फांद्यांवर हिरव्या, चपट्या, नाण्याएवढ्या टिकल्या दिसतात. मागून पुढून दाबल्यासारखं हे फळ गोलसर किंवा किंचित बदामाच्या आकाराचं असतं, थंडीत वाळून तपकिरी होतं आणि मधोमध उकलून त्याची दोन शकलं होतात. प्रत्येक शकलात एकच बी. असं फळ आपल्या बागांतल्या दुसऱ्या कुठल्याही सुगंधी झुडपाला येत नाही. रातराणीला पांढरी बोरासारखी फळं लागतात, कुंतीला लाल-केशरी. बुचाच्या शेंगा लांब, चपट्या असतात. शिवाय बुच हे उंच झाड, आणि रात्री गळून सकाळी सापडणाऱ्या त्याच्या फुलाची लांब नळी पांढरी असते, केशरी नसते. सकाळी वेचलेल्या फुलांवरून मुलं या दोन झाडांची सरमिसळ करतात. नळीचा रंग एकदा दाखवून दिला की पुन्हा चुकत नाहीत.

फुलांपेक्षा मोठा घोटाळा नावाचा आहे. उत्तर प्रदेशात अयोध्येला लागून असलेल्या बाराबंकी जिल्ह्यात किंतूर नावाचं गाव आहे. पांडवांची आई कुंती हिच्या नावावरून ते वसलं असं तिथे सांगतात, आणि तिथल्या एका प्रचंड जुन्या झाडाला पारिजात म्हणून पूजतात. त्या झाडाचा बुंधा कवेत घ्यायला कितीतरी माणसं लागतील. ते झाड गोरखचिंच आहे, म्हणजेच आफ्रिकेतला बाओबाब. त्याचं पान हाताच्या बोटांसारखं विभागलेलं, फूल मोठं, पांढरं, लोंबणारं आणि रात्री उमलणारं. ५ ऑगस्ट २०२० रोजी अयोध्येत राममंदिराच्या भूमिपूजनाच्या वेळी पंतप्रधानांनी पारिजाताचं रोप लावलं, ते मात्र आपल्या प्राजक्ताचं. शेजारशेजारच्या दोन जिल्ह्यांत एका नावाची दोन झाडं, आणि दोन्हींवर लोकांची तितकीच श्रद्धा. संस्कृत कोशांमध्ये पारिजातक हे नाव पांगाऱ्यालाही दिलेलं आहे. त्यामुळे हरिवंशातला, सत्यभामेच्या हट्टापायी आणलेला वृक्ष नेमका कोणता, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. शरदात उमलणारं हे फूल जुन्या संस्कृत काव्यात शेफालिका म्हणून येतं. कालिदासाच्या ऋतुसंहारात शरदाच्या सर्गात तिचा गंध आहे. बंगालीत याच नावाचं शिउली झालं. दुर्गापूजा जवळ आल्याची खूण म्हणून बंगाली माणूस शिउलीची वाट पाहतो, आणि पश्चिम बंगालचं ते राज्यफूलही आहे.

सत्यभामेच्या अंगणात झाड आणि रुक्मिणीच्या अंगणात फुलं, ही कथा मराठी माणसाला सांगायला नको. नंदी तिम्मनानं विजयनगरच्या कृष्णदेवरायाच्या दरबारात तेलुगूत आणि शंकरदेवांनी आसामात याच प्रसंगावर रचना केल्या, यावरून तिचा पसारा कळतो. पण प्राजक्ताची एक वेगळीच कथा गोव्यात नोंदली गेली, आणि ती आपल्याकडे फारशी कुणाला माहीत नाही.

गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यात आला आणि अखेरपर्यंत तिथेच राहिला. मुंबई बेटही पुढे त्याच्याकडे भाडेपट्ट्यानं होतं आणि तिथे त्याची बाग होती. भारतातल्या औषधी वनस्पतींवर त्यानं संवादाच्या रूपात लिहिलेला ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. भारतात छापखाना येऊन तेव्हा जेमतेम सात वर्षं झाली होती. या ग्रंथात एक पूर्ण संवाद ‘दुःखी वृक्षा’वर आहे, आणि तो वृक्ष म्हणजे प्राजक्त. रात्री उमलून सकाळी गळणाऱ्या फुलांचं वर्णन करून ओर्ता स्थानिक लोकांकडून ऐकलेली हकिकत सांगतो. पारिजातक नावाच्या एका सरदाराची मुलगी सूर्याच्या प्रेमात पडली. सूर्यानं तिला टाकलं, तिनं जीव दिला, आणि तिच्या राखेतून हे झाड उगवलं. म्हणून त्याच्या फुलांना सूर्याचं तोंड पाहवत नाही. लिनियसनं दिलेल्या नावातला ‘आर्बर-ट्रिस्टिस’, म्हणजे ‘दुःखी वृक्ष’, युरोपच्या ग्रंथांत असा आपल्या किनाऱ्यावरून पोचला. ओर्तानं आणखी एक व्यवहारातली गोष्ट टिपून ठेवली आहे: फुलांचे केशरी देठ वाटून लोक अन्नाला केशरासारखा रंग देत.

या निरीक्षणात किती तथ्य होतं ते कळायला साडेतीनशे वर्षं जावी लागली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रसायनशास्त्रज्ञांनी प्राजक्ताच्या देठातलं रंगद्रव्य वेगळं काढलं आणि त्याला निक्टँथिन असं नाव दिलं. पुढे लक्षात आलं की हे म्हणजे क्रोसेटिन. केशराला रंग देणारा घटकही हाच. काश्मीरच्या पठारावरच्या फुलात आणि कोकणातल्या अंगणात सकाळी सडा घालणाऱ्या फुलात एकच रंग आहे, हे वाचल्यावर मी देठ वेगळे करून कोमट पाण्यात भिजवून पाहिले. पाणी पिवळ्या-केशरी रंगानं भरून गेलं. या रंगानं रेशीम आणि सुती कापड रंगवत असत. तुरटीची जोड दिली तर तो जरा बरा धरतो. पण उन्हात लवकर उडतो, म्हणून पक्क्या रंगांच्या बाजारात तो टिकला नाही.

फुलाच्या रचनेतली एक गोष्ट मात्र प्रत्येकानं एकदा भिंगाखाली पाहावी अशी आहे. पाच ते आठ पांढऱ्या पाकळ्या, सगळ्या एकाच दिशेनं मुरडलेल्या, खाली केशरी नळी, आणि नळीच्या तोंडाशी आत दडलेले दोन पुंकेसर. सूर्यास्तानंतर फूल उमलतं, रात्रभर गंध पसरवतं. ही पांढऱ्या रंगाची, लांब नळीची, रात्रीच्या वासाची मांडणी पतंगांसाठीची आहे. पहाटे पाकळ्या, नळी आणि पुंकेसर हा सगळा भाग एकत्र सुटून खाली येतो. बीजांडकोश मात्र छोट्या हिरव्या पेल्यात फांदीवरच राहतो आणि त्याचं पुढे फळ होतं. म्हणजे आपण जे वेचतो त्यातून झाडाचं काही जात नाही. त्याचं रात्रीचं काम संपलेलं असतं. जमिनीवर पडलेलं फूल देवाला चालत नाही हा आपल्याकडचा नियम प्राजक्ताला लागू नाही. हा अपवाद करणाऱ्यांनी झाड नीट पाहिलं असावं, असं मला मनापासून वाटतं.

चातुर्मासात प्राजक्ताची लाखोली वाहायची पद्धत महाराष्ट्रात अजून काही घरांत आहे. चार महिन्यांत एक लाख फुलं, म्हणजे रोज सरासरी आठशेहून जास्त. सदाशिव पेठेत वाढलेल्या एका आजींनी त्यांच्या वाड्यातली व्यवस्था सांगितली. ‘झाडाखालची जमीन संध्याकाळीच सारवून ठेवायची. सकाळी फुलांना माती लागत नसे. आम्ही पोरी परकराच्या ओच्यात वेचायचो आणि आई शंभराशंभराचे वाटे करायची. झाड हलवलेलं मात्र तिला चालत नसे. जे पडेल तेच घ्यायचं.’ वाडा गेला, तिथे इमारत उभी राहिली, आणि प्राजक्तही गेला. इमारतीच्या आवारात आता पेव्हर ब्लॉक आहेत.

पेव्हर ब्लॉकचा मुद्दा इथेच बोलून टाकतो, कारण शहरातल्या प्राजक्ताला पाणी जितकं मारतं तितकंच सिमेंट मारतं. बुंध्यापर्यंत फरशी भिडवली की पाऊस मुळांपर्यंत जात नाही, हवा जात नाही, आणि उन्हाळ्यात खालची जमीन भट्टीसारखी तापते. निदान तीन फूट लांब-रुंद जागा मातीची ठेवायला हवी. सोसायटीच्या सभेत हा विषय काढताना फुलांची भाषा बोलून फारसं काही होत नाही. पावसाळ्यात आवारात तुंबणाऱ्या पाण्याला जिरायला तेवढी जागा मिळते, हे सांगितलं तर लोक ऐकतात. झाड काढायचीच वेळ आली तर शहरी भागात १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली परवानगी घ्यावी लागते, हेही त्याच सभेत सांगावं.

आता शरदातली निगा. श्रावणाच्या आसपास सुरू झालेला बहर भाद्रपद-आश्विनात ऐन भरात असतो आणि कार्तिकात ओसरू लागतो. नेमक्या याच काळात दिवाळीची आवराआवर येते. अंगण स्वच्छ करताना कोयता हातात असतो, प्राजक्ताच्या फांद्या इकडेतिकडे वाढलेल्या दिसतात, आणि दोन तासांत झाडाचा गोल गोळा केला जातो. हे करू नका. प्राजक्ताला फुलं येतात ती त्याच पावसात वाढलेल्या नव्या फुटीच्या टोकांना आणि तिथल्या पानांच्या बेचक्यांत. दिवाळीत छाटणी केली की उरलेल्या कळ्या जातात, धरू लागलेली फळं जातात, आणि थंडीच्या तोंडावर झाड उगाच नवी फूट काढायला लागतं. शरदात फक्त वाळलेल्या, मोडलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढाव्यात. त्याहून जास्त काही नाही.

छाटणीची खरी वेळ माघ-फाल्गुन. फळं पिकलेली असतात, पानगळ सुरू झालेली असते आणि झाडाचा सांगाडा स्पष्ट दिसतो. वाढीचा साधारण तिसरा हिस्सा कापायला हरकत नाही. काप डोळ्यांच्या जोडीच्या थोडा वर घ्यावा. पानं समोरासमोर असल्यामुळे एका कापाखालून दोन फुटी निघतात, आणि प्रत्येक फुटीच्या टोकाशी पुढच्या शरदात फुलांचे घोस येतात. फुलं दुप्पट करायचा यापेक्षा सोपा उपाय नाही. वर्षानुवर्षं न छाटलेला प्राजक्त लांबट, बोडका होतो आणि त्याची फुलं दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर जातात. असं झाड गुडघ्याएवढं ठेवून कापलं तरी ते बुंध्यातून पुन्हा उभं राहतं. जंगलात टोपल्यांसाठी फोक तोडणारे लोक पिढ्यान् पिढ्या हेच करत आले आहेत.

पाण्याचा हिशेब ऋतूप्रमाणे बदलतो, आणि चुका इथेच सर्वांत जास्त होतात. परतीचा पाऊस गेला की ऑक्टोबरचा उकाडा सुरू होतो. झाड बहरात असतं, पानांनी भरलेलं असतं, तेव्हा त्याला पाणी लागतं. जमिनीत रुजलेल्या जुन्या झाडाला आठ-दहा दिवसांतून एकदा खोलवर मुरेल असं पाणी पुरतं. रोज शिंपडून वरची माती ओली करण्यात अर्थ नाही. कुंडीतल्या झाडाचा वरचा दोन बोटं थर कोरडा झाला की पाणी द्यावं. कार्तिकानंतर दोन पाण्यांमधलं अंतर वाढवत जावं, आणि पानं गळल्यावर माती अगदी भुकटी होणार नाही एवढंच द्यावं. कुंडीच्या खालची थाळी काढून टाकावी. तुंबलेलं पाणी त्याला मानवत नाही. म्हणूनच कोकणात, जिथे पाऊस धो धो पडतो, तिथे प्राजक्त सपाट खळग्यात न लावता वरंब्यावर किंवा उताराच्या कडेला लावावा. विदर्भात आणि खानदेशात ही अडचण येत नाही; तिथलं ऊन त्याला घरचंच आहे.

ऊन हा शब्द पुन्हा आला, कारण त्याला पर्याय नाही. फुलं रात्रीची, म्हणून झाडही सावलीचं, असा समज आहे. प्राजक्त सावलीत मरत नाही, नुसती पानं काढत उंच जातो. दिवसाचं पाच-सहा तास थेट ऊन नसेल तर बहर मोजकाच राहतो. दोन इमारतींच्या मधल्या बोळात लावून ‘फुलंच येत नाहीत’ म्हणून खत ओतत राहिलं तर पानं आणखी वाढतात, फुलं तेवढीच राहतात. युरिया तर अजिबात नको. छाटणीनंतर, पावसाआधी, दोन घमेली कुजलेलं शेणखत किंवा घरचं कंपोस्ट बुंध्यापासून थोडं दूर पसरलं की वर्षाचं खत झालं.

पावसाळ्याच्या शेवटी खालची पानं पिवळी पडतात, काहींवर तपकिरी ठिपके येतात. ही बरीचशी वयाची खूण असते. घाबरून फवारणी करू नये. ठिपक्यांची पानं वेचून दूर टाकावीत, म्हणजे बुरशी पुढच्या वर्षी तिथेच राहत नाही. अळ्यांचं मात्र पाहायला हवं. पावसाळ्यात केसाळ अळ्यांचा घोळका एका फांदीची पानं रातोरात साफ करतो. त्यांना उघड्या हातानं शिवू नका, अंगाला खाज सुटते. काठीनं साबणाच्या पाण्यात पाडा किंवा ती फांदीच कापून टाका. जाडजूड हिरवी अळी एखाददुसरी दिसली तर तिला राहू द्यावं, असं माझं मत आहे. ती पतंगाची अळी आहे, आणि रात्री प्राजक्तावर येणारे पतंग याच अळ्यांतून तयार होतात. पूर्ण वाढलेल्या झाडाचं थोडी पानं गमावून काही बिघडत नाही. खोडावर भुसा आणि जाळं दिसलं तर साल पोखरणारी अळी आत आहे असं समजावं. जाळं खरवडून, भोकात तार घालून ती काढावी आणि भोक ओल्या चिकणमातीनं बंद करावं.

दिवाळीपुरती एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. दिव्यांच्या माळा प्राजक्ताच्या फांद्यांना घट्ट गुंडाळून वर्षभर तशाच ठेवलेल्या असतात. फांदी जाड होत जाते, वायर सालीत रुतते, आणि तिथून वरचा भाग वाळतो. शिवाय प्रखर दिव्यांनी पतंग भरकटतात, आणि हे झाड ज्यांच्यासाठी रात्री फुलतं तेच त्याच्यापाशी येत नाहीत. माळ शेजारच्या गजाला किंवा भिंतीला लावावी.

पाल्याच्या औषधी उपयोगाबद्दल विचारणा फार होते. अकराव्या शतकातल्या चक्रदत्त या आयुर्वेदीय ग्रंथात गृध्रसीवर, म्हणजे आजच्या सायटिकावर, शेफालिकेच्या पानांचा काढा सांगितलेला आहे, आणि पानांतल्या घटकांवर आधुनिक प्रयोगशाळांतही काम झालं आहे. पण तापात किंवा पाठदुखीत घरच्या घरी ओंजळभर पानं उकळून पिणं हा उपचार नाही. वैद्यांच्या सल्ल्याविना ते करू नये.

नवं रोप शरदात विकत घेण्याचा एक फायदा आहे: फुलावर आलेलं रोप पाहून घेता येतं, फसगत होत नाही. पिशवीच्या तळातून मुळं बाहेर आली असतील तर ते रोप फार दिवस पिशवीत अडकलेलं आहे, ते टाळावं. घेतल्यावर लगेच जमिनीत लावायची घाई नको. उन्हाळा पार पाडून पहिल्या पावसात लावलं तर ते हमखास लागतं. भिंतीपासून पाच-सहा फूट लांब, आणि खाली फुलं वेचता येतील अशी मोकळी जमीन ठेवून लावावं. परदेशातली मराठी कुटुंबं थंड गावांत प्राजक्त मोठ्या कुंडीत वाढवतात. हिमाचा कडाका पडायच्या आत कुंडी घरात घ्यायची, पानं गळू द्यायची आणि वसंतापर्यंत पाणी अगदी बेताचं, एवढं पाळलं की झाड तग धरतं.

बियांपासून प्राजक्त करणं विकत आणण्याइतकंच सोपं आहे. पौष-माघात तपकिरी झालेली चपटी फळं फांदीवरून काढावीत, दोन शकलं वेगळी करावीत, रात्रभर पाण्यात भिजवून वाळू-मातीच्या मिश्रणात बोटभरापेक्षा कमी खोल पेरावीत. बी ताजं असावं. जुनं बी उगवायला कुरकुरतं. साधारण तीन आठवड्यांत अंकुर दिसतात आणि रोप दोन-तीन वर्षांत फुलावर येतं. पावसाळ्यात गुटी बांधूनही रोप होतं आणि ते लवकर फुलतं, पण बियांचं झाड मला अधिक टिकाऊ वाटतं.

दरवर्षी जूनमध्ये खानदेशात, विदर्भात, सातपुड्याच्या पायथ्याशी शाळा, ग्रामपंचायती आणि निसर्गमंडळं उघड्या टेकड्यांवर झाडं लावतात, आणि त्यातली बरीच पहिल्या उन्हाळ्यात पाण्याअभावी किंवा शेळ्यांच्या तोंडी जातात. त्यांना माझी विनंती आहे: यंदाच्या रोपांच्या यादीत प्राजक्त घाला. त्याला कुंपण फारसं लागत नाही, टँकरचं पाणी पहिली दोन वर्षं सोडली तर लागत नाही, आणि ती त्याची मूळचीच जमीन आहे. पौषापासून शहरातल्या अंगणाअंगणांत त्याच्या बिया झाडूनं गोळा होऊन कचऱ्यात जातात. त्या पुडीत बांधून अशा एखाद्या शाळेला पाठवा.